गाडी कोणी चालवायची?

नागपुरात कोणी परदेश फिरून आलं की पहिला प्रश्न खर्चाचा नसतो, हवामानाचाही नसतो. ‘कोणत्या टूरनं गेले होते?’ हा असतो. आपण जात नाही, आपल्याला कोणीतरी नेतं, हे त्यात धरलेलंच असतं. मला याची थट्टा करायची नाही. माझ्या सासूबाईंनी सत्तरी ओलांडल्यावर युरोप पाहिला तो टूरवाल्यांच्या जिवावरच. इंग्रजी येत नाही, गुडघे दुखतात, कांदा-लसूण चालत नाही. अशा बाईला आल्प्सच्या पायथ्याशी सकाळी गरम पोहे मिळाले आणि रात्री मुगाची खिचडी. बस दारात, बॅग खोलीत. स्वतःच्या हिमतीवर जायचं असतं तर त्या धरमपेठेच्या पुढे गेल्या नसत्या, आणि त्या हे स्वतःच हसत हसत सांगायच्या.

आम्ही नामिबियाचं नाव काढलं तेव्हा मात्र हा मार्ग आपसूकच बंद झाला. टूरवाल्यांच्या पुस्तिकेत आफ्रिका म्हणजे केनिया, दक्षिण आफ्रिका, फार तर व्हिक्टोरिया धबधबा. एका ऑफिसात उत्तर मिळालं, ‘वीस जण जमवून आणा, काढू ग्रुप.’ नामिबियाला जायला तयार वीस नागपूरकर कुठून आणायचे?

लोकांना त्या देशाबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, चित्ते. १७ सप्टेंबर २०२२ ला तिथली राजधानी विंडहुकहून आठ चित्त्यांना घेऊन आलेलं विमान ग्वाल्हेरला उतरलं आणि तिथून ते कुनोला गेले. त्या विमानाच्या नाकावर वाघाचं तोंड रंगवलेलं होतं. आमच्या गल्लीत त्यावर बरेच दिवस चाललं होतं, ‘चित्त्याच्या गाडीवर वाघाचा फोटो काऊन लावला बाप्पा?’ यापलीकडे नामिबिया म्हणजे नकाशावरची दक्षिण आफ्रिकेच्या डोक्यावरची पिवळसर जागा.

ती जागा सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरची आहे, महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठी. आणि त्यात माणसं जेमतेम तीस लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर जिल्ह्यात साडेशेहेचाळीस लाख लोक होते. म्हणजे आपला अख्खा जिल्हा नाही, त्याचा दोन-तृतीयांश तुकडा उचलून गोंदियापासून पार अरबी समुद्रापर्यंत पसरून द्यायचा, आणि तरी बरीच जागा उरणार. हा आकडा मी घरी वाचून दाखवला आणि घराचे लगेच दोन पक्ष झाले.

माझा नवरा आणि दीर म्हणाले, इतका रिकामा देश, तर गाडी आपणच चालवू. जाऊबाई म्हणाल्या, इतका रिकामा देश, तर गाइड पाहिजेच. ‘वाळवंटात गाडी बंद पडली तर कोणाला फोन लावून राहिले तुम्ही? टॉवर तरी आहे का तिथे?’ दिरांचं उत्तर ठरलेलं होतं. ‘समृद्धीवर चालवतोच ना आपण.’ मुंबईपर्यंतचे ७०१ किलोमीटर समोर असले की नागपूरचा माणूस स्वतःला जगातल्या कुठल्याही रस्त्याच्या लायकीचा समजायला लागतो. मी त्या वेळी मधे होते. मलाही गाडी चालवायला आवडते, आणि जाऊबाईंचं म्हणणंही खोटं नव्हतं.

एक गोष्ट आमच्या बाजूची होती. नामिबियात गाड्या डाव्या बाजूनं चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. आधी तिथे जर्मनांचं राज्य होतं, पण १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं तो प्रदेश घेतला आणि १९९० च्या २१ मार्चला देश स्वतंत्र होईपर्यंत सोडला नाही. वाहतुकीचा नियम त्या काळातला. भारतीय माणसाला त्याचा फुकटचा फायदा मिळतो. हात-पाय नव्यानं शिकवावे लागत नाहीत. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, विंडहुकला एक डबल कॅब पिकअप ठरवली, आणि मधल्या काही जागी स्थानिक गाइड घ्यायचे असं जाऊबाईंना कबूल केलं. हा तह म्हणून केला होता. पुढे कळलं की सगळ्या बेतातला शहाणपणाचा भाग तोच होता.

जुलैत निघालो. नागपुरात पाऊस, तिथे कोरडा हिवाळा, पहाटे दात वाजतील अशी थंडी.

विंडहुकच्या बाहेर पडून डांबर संपलं की खरी गोष्ट सुरू होते. त्या देशातले बहुतेक रस्ते गिट्टी-मुरमाचे आहेत. त्यांना ए-बी-सी-डी असे वर्ग आहेत. बी म्हणजे डांबरी हमरस्ता, सी आणि डी म्हणजे बहुतेक खडीचे, पुढे नुसत्या चाकोऱ्या. खराब म्हणू नये असे हे रस्ते. रुंद असतात, सरळ असतात, ग्रेडर फिरवून सारखे केलेले असतात. नवख्या माणसाला ते चांगले वाटतात हाच त्यांचा धोका. ताशी शंभरनं गाडी मस्त चालते आहे असं वाटतं आणि एका वळणावर मागची चाकं आपल्याला विचारल्याशिवाय बाजूला निघतात. भाड्याच्या गाड्यांच्या अपघातांत मोठा वाटा असा असतो की समोर कोणीच नसतं. गाडी एकटीच उलटते. म्हणून आमच्या करारात खडीवर ८० च्या वर जायचं नाही असं लिहिलेलं होतं, गाडीत वेग नोंदवणारं यंत्र होतं, आणि सूर्य मावळल्यावर गाडी चालवली तर विमा रद्द.

गाडी देणाऱ्यानं किल्ली हातात ठेवण्याआधी बराच वेळ टायरवर खर्च केला. मागे दोन स्टेपन्या होत्या. हवा मोजायचा गेज आणि लाइटरला लावायचा छोटा पंप. खडी सुरू झाली की चारी टायरमधली हवा थोडी उतरवायची, डांबर लागलं की परत भरायची. हवा कमी असली की टायर पसरतो, खडीचं टोक आत घुसण्याऐवजी रबर त्याच्यावर दबून जातं. वाळूत तर आणखी उतरवायची. नवऱ्यानं हे सगळं वहीत लिहून घेतलं. समृद्धीवर आपण टायरची चर्चा करतो ती फुटल्यावर; इथे ती निघतानाची पहिली गोष्ट होती.

मग लागतात त्या आडव्या लाटा. खडीच्या रस्त्यावर चाक एका वेगाच्या वर गेलं की ते किंचित उडायला लागतं. जिथे आपटतं तिथली माती पुढे ढकलली जाते, पुढे उंचवटा होतो, पुढच्या गाडीचं चाक त्याच उंचवट्यावरून उडतं आणि त्याच खड्ड्यात पडतं. हजार गाड्या गेल्या की रस्त्याचा टिनपत्रा होतो. त्यावरून हळू गेलं तर हाडं खिळखिळी होतात, जोरात गेलं तर चाकं फक्त लाटांच्या माथ्यांना टेकतात, गाडी मऊ चालते आणि ब्रेक जवळजवळ लागत नाही. या दोन्हींच्या मधला वेग शोधणं हे दिवसभराचं काम. तो प्रत्येक रस्त्यावर वेगळा असतो.

समोरून गाडी आली की तिच्यामागे धुळीची भिंत येते. आपण काचा बंद करतो, वेग कमी करतो, डावीकडे सरकतो, आणि काही सेकंद काहीही दिसत नाही. धूळ बसते तेव्हा लक्षात येतं की त्या ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरून चार बोटं उचलून नमस्कार केला होता. तिथे सगळे करतात. अर्ध्या तासात भेटलेली तीच एक गाडी असते, न करून कसं चालेल?

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण स्वतः गाडी चालवण्याचं कौतुक करणारे ती सांगत नाहीत. लोक म्हणतात, टूरमध्ये वेळापत्रक असतं आणि स्वतःच्या गाडीत मोकळीक. नामिबियात तसं काही नाही. उलट आमच्याइतके वेळापत्रकाला बांधलेले लोक कुठल्याच बसमध्ये नसतील. सूर्य साडेसहाच्या आतबाहेर मावळतो, म्हणून साडेपाचला मुक्कामी पोचायचं, कारण संध्याकाळी कुडू आणि ऑरिक्स रस्त्यावर येतात आणि अडीचशे किलोचं हरीण काच फोडून आत आलं तर विम्याचा कागद कोण वाचणार? पुढचा पंप दोनशे किलोमीटरवर, तोही चालू असेल याची खात्री नाही, म्हणून टाकी अर्धी असली तरी दिसेल त्या पंपावर भरायची. पाण्याचे कॅन भरलेले ठेवायचे. अभयारण्यांची गेटं सूर्योदयाला उघडतात, सूर्यास्ताला बंद होतात. आम्ही ठरवत होतो ते एवढंच की थांबायचं कुठे आणि किती वेळ. पण तेवढ्यानं फार फरक पडतो.

पडतो म्हणजे काय, ते सांगायला ताडोब्यापासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही नागपूरचे लोक जंगल पाहायला शिकलो ते जिप्सीत बसून. ताडोबा असो, पेंच असो, गाइड सक्तीचा, ड्रायव्हर त्यांचा, सकाळची फेरी, दुपारची फेरी. हे नियम योग्यच आहेत. आपल्याकडे स्वतःची गाडी आत सोडली तर काय होईल याची कल्पना पुरे आहे. पण नियमांनीही सगळं सुटत नाही. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडल्यात जिप्सींनी वाघीण आणि तिच्या पिल्लांना मधे अडवलं, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. गाइड होतेच ना त्या प्रत्येक जिप्सीत? पर्यटकाला साइटिंग हवं, साइटिंग झालं की बक्षिसी बरी मिळते. या साखळीत गाइड शिकवणारा राहत नाही, वाघ मिळवून देणारा होतो. आपण मागच्या सीटवर बसून ‘भाऊ, काही कॉल आला का?’, म्हणजे वाघाची चाहूल लागून हरणं-वानरं ओरडली का, एवढंच विचारत असतो.

इटोशात यातलं काहीच नाही. बावीस हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं ते राष्ट्रीय उद्यान. ताडोबाचं बफरसकट क्षेत्र सतराशेच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज करा. मधे मिठाचं कोरडं तळं आहे, सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचं, पांढरंफटक, नजर पोचेल तिथपर्यंत काहीही न उगवलेलं. त्याच्या दक्षिण कडेनं पाणवठे आहेत आणि त्यांना जोडणारे खडीचे रस्ते. गेटवर पैसे भरायचे, नकाशा घ्यायचा आणि स्वतःच्या गाडीनं आत जायचं. ताशी साठच्या वर नाही, गाडीतून खाली उतरायचं नाही. बस. बाकी तुमचं तुम्ही.

पहिला अर्धा दिवस आम्ही ताडोब्याच्या सवयीनं घालवला. एका पाणवठ्यावर पाच मिनिटं थांबलो, झेब्रे दिसले, फोटो काढले, पुढे. दुसरा, तिसरा. दिरांचं एकच, ‘सिंह कुठे असंल?’ दुपारी एका पाणवठ्यावर नवऱ्यानं गाडी बंद केली आणि म्हणाला, मला आता चालवायचं नाही. जाऊबाईंनी डबा काढला. दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, लोणचं. आम्ही तिथे बसून राहिलो.

बसून राहिलो तेव्हा दिसायला लागलं की पाण्यावर येण्याचा एक क्रम असतो. आधी स्प्रिंगबॉक हरणं येऊन कडेला उभी राहतात, पुढे जात नाहीत. झेब्रे येतात, ते सरळ पाण्यात. मग लांब उभा असलेला जिराफ. तो बराच वेळ नुसता पाहतो. दोन पावलं येतो, थांबतो, पुन्हा पाहतो, कारण पाणी प्यायला त्याला पुढचे पाय फाकवून मान खाली न्यावी लागते आणि त्या अवस्थेत पळता येत नाही. त्यानं पाय फाकवले, मान अर्ध्यावर नेली आणि झटक्यात वर घेतली. सगळ्यांच्या माना वर. आम्हालाही काही दिसेना. पुन्हा पाय फाकवले. असं करता करता तो प्यायला तोपर्यंत जाऊबाईंचा श्वास अडकला होता. मग हत्तींचा कळप आला आणि बाकी सगळे न सांगता बाजूला झाले. आम्ही तिथे किती वेळ होतो कोणी पाहिलं नाही. कुठलाही गाइड आम्हाला तिथे इतका वेळ बसवू शकला नसता, कारण त्याच्या गाडीत कोणीतरी नक्की म्हणालं असतं, ‘भाऊ, आता सिंह दाखवा ना.’

रात्री ओकाउकुएयो कॅम्पच्या बुटक्या भिंतीमागे पाणवठा आहे, त्यावर मंद दिवे सोडलेले असतात. बाकांवर शाली गुंडाळून माणसं बसतात, कोणी बोलत नाही. काळा गेंडा आला, पिल्लू घेऊन. त्या प्राण्याची शिकार जगभर इतकी झाली आहे की तो असा समोर चालत येणं हेच नवल. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या जर्मन बाईनं थर्मासमधला चहा आमच्याकडे सरकवला. हे सगळं टूरवाल्यांनाही दिसतं, ते मान्य. पण सकाळी सहाला बस सुटणार असेल तर मध्यरात्रीपर्यंत कोण बसेल?

म्हणून अंतर, रिकामेपणा, वाट पाहणं या गोष्टी बघायला गेलेल्या माणसानं गाडी स्वतः चालवावी, असं माझं मत झालं. त्या देशातलं बरंचसं सौंदर्य दोन ठिकाणांच्या मधल्या दीडशे किलोमीटरमध्ये आहे, आणि टूरच्या बसमध्ये ते दीडशे किलोमीटर झोपण्यासाठी असतात.

आता दुसरी बाजू. स्वाकोपमुंड हे अटलांटिकच्या काठावरचं गाव. एका बाजूला थंडगार समुद्र, दुसऱ्या बाजूला लगेच वाळूचे डोंगर. तिथल्या वाळूत आम्ही आधी आपले आपण फिरलो होतो. वाळू दिसली, वाऱ्यानं काढलेल्या रेघा दिसल्या, फोटो सुंदर आले. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंच्या तहातल्या गाइडसोबत त्याच वाळूत गेलो.

तो जीप थांबवून अनवाणी उतरला. चालता चालता वाकला. वाळूवर नखाएवढ्या खुणांची एक बारीक ओळ होती, आमच्यातल्या कोणालाही ती दाखवल्यावरही लगेच दिसली नाही. ओळ जिथे संपली तिथे त्यानं हातानं हळूहळू वाळू बाजूला केली, कोपरापर्यंत हात आत गेला आणि बाहेर आला तेव्हा तळव्यावर एक पाल होती. गुलाबी, आणि कातडी इतकी पातळ की आतलं काळसर काहीतरी हलताना दिसत होतं. डोळे डोक्याच्या मानानं मोठे, पापण्या नाहीत. तिनं जीभ काढली आणि स्वतःचा डोळा पुसून घेतला. डोळ्यावरची धूळ ती अशीच काढते, आणि धुक्याचे थेंब अंगावर जमले की तेही चाटून घेते. बोटांमध्ये पडदे, वाळू उपसायला. ती रात्रीची फिरणारी आहे, ऊन तिला सोसत नाही, म्हणून तो बोलत असताना सगळा वेळ दुसऱ्या हातानं तिच्यावर सावली धरून होता. मग तिला परत खाली ठेवलं, ती आत शिरली, आणि त्यानं वरची वाळू हातानं सारखी केली.

पुढे त्यानं सापाचे फक्त दोन डोळे दाखवले. पेरिंग्वे नावाचा हा छोटा विषारी साप अंग वाळूत पुरून घेतो आणि डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असल्यानं तेवढेच बाहेर राहतात. आदल्या दिवशी आम्ही तिथे सँडल काढून धावलो होतो. एक काळा भुंगा दाखवला, जो धुक्याच्या सकाळी टेकडीच्या माथ्यावर चढून डोकं खाली, ढुंगण वर करून उभा राहतो. पाठीवर धुकं जमतं, थेंब होतो आणि ओघळून तोंडात जातो. पाऊस जवळजवळ न पडणाऱ्या त्या पट्ट्यात समुद्रावरून येणारं धुकं हेच पाणी.

परतताना त्यानं विचारलं, वेळ असेल तर आणखी एक जागा दाखवू का? आम्हाला केक खायला जायचं होतं. स्वाकोपमुंडच्या जर्मन बेकऱ्या प्रसिद्ध आहेत, उतरत्या छपरांची जुनी जर्मन घरं आहेत, आणि ते गाव बघून झालं असा आमचा समज होता. तो आम्हाला गावाच्या कडेच्या दफनभूमीत घेऊन गेला. एका बाजूला हिरवळ, झाडं, संगमरवरी दगडांवर कोरलेली जर्मन नावं. त्याला लागून उघडी वाळू, आणि त्या वाळूत लहान लहान उंचवटे, लांबपर्यंत. बहुतेकांवर नाव नाही, काहींभोवती नुसते दगड.

१९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्यानं हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. हेरेरोंनी जमिनी आणि गुरं गेल्यावर उठाव केला होता. २ ऑक्टोबर १९०४ ला जनरल फॉन ट्रोथानं हुकूम काढला की जर्मन हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घाला. माणसांना ओमाहेकेच्या वाळवंटात हाकलून पाणवठे अडवले. उरलेल्यांना छावण्यांत कोंडलं, त्यातली एक याच स्वाकोपमुंडला होती. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे हेरेरोंपैकी सुमारे ऐंशी टक्के आणि नामांपैकी निम्मे लोक संपले. जर्मनीनं याला नरसंहार म्हणून अधिकृतपणे मान्यता दिली ती २०२१ मध्ये. गाइड स्वतः हेरेरो होता. त्यानं यातलं फार थोडं सांगितलं, बाकी मी नंतर वाचलं. तो म्हणाला, पर्यटक बेकरीपर्यंत येतात, इथे फार येत नाहीत. मग तो गाडीत जाऊन बसला आणि आम्हाला तिथे थोडा वेळ दिला.

स्वतःच्या गाडीत आम्ही त्या दफनभूमीवरून आरामात पुढे गेलो असतो. नकाशात ती जागा होती, माझ्या पुस्तकातही चार ओळी होत्या. पण कुठे वाकायचं हे दाखवणारा माणूस नसेल तर वाळू ही वाळूच राहते.

गाइड म्हणजे देवमाणूस असं मात्र नाही. एका ठिकाणी सक्तीचा गाइड मिळाला, त्यानं पाठ केलेलं भाषण चालता चालता म्हणून टाकलं, प्रश्न विचारला की तेच वाक्य पुन्हा, आणि शेवटी टिपसाठी उभा. वेरूळला किंवा रामटेकला आपण हे अनुभवलेलंच आहे. फरक ओळखायची माझी एक ढोबळ खूण आहे. तो त्या जागेकडे स्वतः बघत असेल तर चांगला. फक्त आपल्याकडे बघून बोलत असेल तर वेळ पाहून घ्यावी.

आणि काही जागा अशा आहेत की तिथे स्वतःची गाडी घेऊन जाणं हे सरळ असभ्यपणाचं आहे. उत्तरेकडे हिंबा लोकांच्या वस्त्या आहेत. अंगाला गेरूचा लेप लावणाऱ्या त्या बायकांचे फोटो जगभर फिरतात. त्या अंगणात पिकअप घालून कॅमेरा रोखायचा? आपल्या मेळघाटात कोणी असं केलं तर आपण काय म्हणू? आम्ही गेलो नाही. जायचं तर त्यांच्या भाषेत आधी विचारू शकेल असा माणूस सोबत हवा, आणि नाही म्हटलं तर परत फिरायची तयारी हवी.

उलट ओचिवारोंगोजवळच्या चित्ता संवर्धन केंद्रात गाइडशिवाय गेलो असतो तर पिंजऱ्यातले चित्ते पाहून बाहेर पडलो असतो. तिथे खरी बघण्याची गोष्ट कुत्रे आहेत. नामिबियातले बहुतांश चित्ते अभयारण्यांत राहत नाहीत, खाजगी कुरणांवर राहतात, आणि शेतकरी शेळ्या-मेंढ्यांपायी त्यांना मारायचे. १९९४ पासून हे केंद्र शेतकऱ्यांना अनातोलियन जातीची राखणदार कुत्री देतं. कुत्रा कळपातच वाढतो, भुंकतो, आडवा उभा राहतो, चित्ता सहसा भांडत नाही, निघून जातो. शेळी वाचली की चित्ताही वाचतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे गुराख्यांची काय अवस्था आहे हे माहीत असलेल्या आम्हा चौघांना तिथल्या गाइड बाईला विचारायला इतकं होतं की पुढची तुकडी खोळंबली. वाघाला कुत्रा पुरत नाही, हे तिनंच आधी सांगून टाकलं.

खर्चाचं थोडक्यात. चौघांत वाटली तर स्वतःची गाडी संपूर्ण टूरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, दोघांत तितकी नाही. काच आणि टायर मूळ विम्यात बहुधा धरत नाहीत, ते वेगळे पैसे भरून घ्यावेत. आमचा एक टायर खडीनं बाजूनं चिरला गेला. जॅक मुरमात रुतायला लागला तेव्हा त्याखाली घालायला लाकडाची फळी गाडीतच दिलेली होती, हे नवऱ्याच्या वहीत लिहिलेलं होतं. तेवढ्यात एक शेतमजूर आपली पिकअप थांबवून उतरला, काही न विचारता नट सैल करायला लागला. झालं की हात पुसून निघून गेला. जाऊबाईंनी त्याच्या हातात चिवड्याची पुडी दिली. त्यांना जो प्रश्न होता, कोणाला फोन लावणार, त्याला उत्तर असं मिळालं.

एक गोष्ट मात्र गाडी चालवणाऱ्याच्या विरोधात जाते, आणि ती नवरा आणि दीर दोघंही कबूल करत नाहीत. खडीवर चालवणारा माणूस समोरच्या पन्नास मीटरशिवाय काही पाहत नाही. ऑरिक्स दिसले ते मागच्यांना. डोंगरांचा रंग बदलला तो मागच्यांना. सॉलिटेअर नावाच्या वस्तीच्या पुढे मकरवृत्ताची पाटी आली, भोपाळ-विदिशा रस्त्यावर कर्कवृत्ताची आहे तशी, तीही जाऊबाई ओरडल्या म्हणून कळली. माझी पाळी असायची तेव्हा मलाही फक्त लाटाच आठवतात. म्हणून पाळ्या लावाव्यात. चौघांत दोघांनाच गाडी येत असेल तर रोज अर्धी माणसं देश पाहतात आणि अर्धी रस्ता.

आता पुढच्या वर्षी जॉर्जियाला जायचं घाटतंय. दिरांनी पुन्हा गाडीचं काढलं आहे. मी या खेपेला जाऊबाईंच्या बाजूनं आहे. तिथे गाड्या उजव्या बाजूनं चालतात, स्टिअरिंग डावीकडे, आणि त्यांना तुशेती या डोंगराळ भागात जायचं आहे. तो रस्ता अडीच हजार मीटरच्या बराच वर चढून आबानो खिंडीतून जातो, कच्चा, एका गाडीपुरता, बाजूला कठडा नाही. समोरून कोणी आलं तर एकानं मागे मागे जायचं. तिकडचे लोक जुन्या मित्सुबिशी डेलिका व्हॅन घेऊन रोज वर-खाली करतात. अशी एक गाडी तिच्या मालकासकट ठरवावी. टूरही नाही आणि स्वतःचं चालवणंही नाही. वाटेत त्याच्या ओळखीच्या घरी जेवायला थांबवेल तो. बाकी सपाटीवर, काखेतीच्या द्राक्षबागांत, दिरांनी हवी तितकी चालवावी.

परवा हे सगळं आमच्याकडे चहावर चाललं होतं. दीर ऐकून घेत होते, मग म्हणाले, ‘म्हणजे मी काय मागं बसून राहू?’

‘बसा की,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘खिडकी देते तुम्हाले.’